बिनतारी डब्याची तार

वायरलेसला मराठीत एक छान शब्द आहे, बिनतारी. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग सोडला तर आता तो फारसं कुणी वापरत नाही. मला मात्र तो वायरलेसपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो ऐकला की लगेच प्रश्न पडतो: बरं, नेमकी कुठली तार नाही?

हा प्रश्न आमच्या डहाणूच्या मावसभावाने दुकानात विचारला असता तर बरंच काही वाचलं असतं. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याने 'वायरलेस नेटवर्क स्टोरेज' असं लिहिलेला एक डबा घेतला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेटवर्क स्टोरेज म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला छोटा कॉम्प्युटरच. घरातले किंवा ऑफिसातले सगळे त्यावर एकाच वेळी फाइली ठेवू शकतात. आमच्या लायनीत त्याला नॅस म्हणतात.) त्याची कथा पुढे येईलच. पण त्या निमित्ताने गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी या 'वायरलेस' शब्दाची वंशावळ उकरत बसलो होतो, आणि ती इतकी मजेशीर निघाली की आधी तीच सांगतो.

सुरुवात १९२७ पासून करू. त्या वर्षी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनीच्या तंत्राची 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचं दौंडला. दोन्ही लांब लांब का? कारण शेजारीच कोणी कर्णा लावून ओरडत असेल तर तुम्हाला लांबची कुजबूज ऐकू येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आता गंमत बघा. मुंबईचा कापसाचा व्यापारी लंडनला संदेश पाठवायचा तेव्हा तो तारऑफिसच्या काउंटरवर द्यायचा. तिथून तो जमिनीवरच्या तारेने खडकीला जायचा. मग हवेतून समुद्रापार, आणि पलीकडे परत तारेने लंडनला. म्हणजे 'बिनतारी' फक्त मधला टप्पा, दोन्ही टोकांना तार होतीच. तरी कोणी फसलं नाही, कारण व्यापाऱ्याला फक्त दराशी मतलब होता, आणि दर खरंच कमी होता. इतका, की समुद्राखालच्या केबल कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि १९२९ मध्ये केबलवाले आणि बीमवाले यांना एका छत्राखाली आणावं लागलं.

म्हणजे 'वायरलेस' हे पहिल्यापासून एका टप्प्याचं नाव आहे, आख्ख्या रस्त्याचं नाही. माझ्या मते आजचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

कॉम्प्युटरच्या जगात हा शब्द आला हवाई बेटांवरून. १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. नाव 'अलोहानेट', वेग सेकंदाला ९६०० बिट. नियम साधा: ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, दोघे एकदम बोलले तर दोघांनी थोड्या वेळाने परत बोलावं. यात गणिताने एक कडू सत्य बाहेर आलं. या पद्धतीत हवेच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येतात, बाकी टकरीत आणि शांततेत वाया. पुढे यात सुधारणा झाल्या, पण मूळ गोष्ट बदलली नाही. तार तुमची स्वतःची असते, हवा सगळ्यांची असते. अब्रॅमसननी हे लपवलं नव्हतं. १८ चा आकडा त्यांच्याच पेपरमध्ये आहे.

लपवालपवी सुरू झाली ती आकडा खोक्यावर छापायला लागल्यावर.

अमेरिकेने १९८५ मध्ये काही फ्रिक्वेन्सी विनापरवाना वापराला खुल्या केल्या. १९९७ मध्ये ८०२.११ नावाचं स्टँडर्ड आलं, वेग २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, वेग ११ एमबीपीएस. आता असलं नाव घेऊन कोण दुकानात जाणार? म्हणून कंपन्यांच्या संघटनेने ब्रँडिंगवाल्यांकडून नाव करून घेतलं, 'वाय-फाय'. याचा अर्थ काय? काहीच नाही! हाय-फायशी यमक जुळतं, एवढंच. पण लोकांना अर्थ हवा असतो, म्हणून 'वायरलेस फिडेलिटी' असं शेपूट सुरुवातीच्या जाहिरातींत जोडलं गेलं आणि ते आजही परीक्षेच्या गाईडांमध्ये 'फुल फॉर्म' म्हणून छापलं जातं. ज्या गोष्टीचं नावच असं, तिच्या आकड्यांकडून काय अपेक्षा ठेवायची :)

तर ११ एमबीपीएसच्या खोक्यातून प्रत्यक्षात फाइल कॉपी व्हायची ५-६ ने. २००३ मध्ये ८०२.११जी आलं, खोक्यावर ५४, हातात २०-२५. निम्म्याहून जास्त जातं कुठे?

एक एकेरी पूल डोळ्यासमोर आणा. पुलावर पाटी आहे, वेगमर्यादा ५४. ती खोटी नाही, पुलावर चढलेली गाडी खरंच ५४ ने जाते. पण चढण्याआधी प्रत्येक गाडीला थांबून बघावं लागतं की समोरून कोणी येत नाही ना. रिकामा दिसला तरी आणखी जरा थांबायचं, कारण शेजारचाही तेच बघतोय. आणि प्रत्येक ट्रक पलीकडे पोचला की 'माल मिळाला' अशी पावती घेऊन एक सायकलवाला त्याच पुलावरून परत येणार, तोपर्यंत बाकीचे खोळंबले. ५४ हा चाकांचा वेग आहे, दिवसभरात किती माल पलीकडे गेला त्याचा आकडा नाही. केबलमध्ये असले पूल दोन असतात, एक जायला आणि एक यायला, म्हणून गिगाबिट केबलवर ९०० च्या वर सहज मिळतात. एक मुद्दा आणखी: इंजिनियर बिटमध्ये बोलतो आणि कॉपी करताना स्क्रीनवर बाइट दिसतात, म्हणजे परत आठाने भागा.

त्यानंतर आकड्यांची शर्यतच लागली. एका चिप कंपनीने दोन चॅनेल जोडून १०८ लिहिलं, दुसरीने आपल्या युक्त्या मोजून १२५ लिहिलं. अट बारीक अक्षरात: दोन्ही टोकांना त्याच कंपनीची चिप हवी. २००६ पासून 'ड्राफ्ट एन'चे राऊटर विकले जाऊ लागले, म्हणजे जे स्टँडर्ड अजून ठरलंच नव्हतं त्याचे. ठरलं सप्टेंबर २००९ मध्ये. त्याच्या खोक्यावरच्या ३०० साठी दोन अँटेना आणि दुप्पट रुंद चॅनेल लागतो. डोंबिवलीतल्या एका बिल्डिंगमध्ये चाळीस राऊटर असताना तो रुंद चॅनेल तुम्हाला कोण देणार? पुढे 'एसी'चे राऊटर आले तेव्हा तर कमालच झाली. एसी १९०० मधला १९०० म्हणजे ६०० अधिक १३००, दोन वेगळ्या बँडची सरळ बेरीज! तुमचा लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर बसणार. विरार फास्ट आणि बोरिवली स्लो यांच्या वेगांची बेरीज करून प्रवाशाला सांगण्यातला प्रकार. (दोन बँड एकदम वापरण्याची सोय वाय-फाय ७ मध्ये आली आहे, पण ती दोन्ही टोकांना असेल तरच.)

आपल्याकडे हे सगळं थोडं उशिरा आलं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात घराबाहेरही विनापरवाना वापरायला मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. शब्द ताणण्यात सरकारही मागे नव्हतं. २००४ च्या धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणजे २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ज्या देशात २५६ ला ब्रॉडबँड म्हणत होते तिथे खोक्यावरच्या ३०० ला कोण हरकत घेणार?

आता स्टोरेजचे डबे. २००४ मध्ये लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाचा एक डबा काढला होता. यूएसबीची डिस्क लावा, नेटवर्कला जोडा, झालं. आमच्या जमातीत तो फार लाडका होता, कारण आत लिनक्स होतं, आणि २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कंपनीने मुद्दाम १३३ वर चालवला होता. हौशी लोकांनी बोर्डावरचा एक रेझिस्टर काढून तो दुप्पट केला. पण त्यात वाय-फाय नव्हतं, केबलचं भोक होतं आणि ते डोळ्यांना दिसत होतं. २००८ मध्ये ॲपलने टाइम कॅप्सूल आणलं. त्यात खरोखरचा वाय-फाय राऊटर आणि डिस्क एकत्र होती. तरीही पहिला मोठा बॅकअप केबल लावून घ्या, असा सल्ला खुद्द ॲपलच्या मदतीच्या पानांवर होता. २०११ मध्ये सीगेटने बॅटरीवर चालणारी, स्वतःचा वाय-फाय सोडणारी डिस्क काढली. प्रवासात छान, पण सुरुवातीची गोम अशी की तिला जोडलं की तुमचा लॅपटॉप घरच्या वाय-फायवरून सुटायचा.

म्हणजे स्टोरेजच्या बाबतीत 'वायरलेस'चे निदान तीन अर्थ झाले. डबा स्वतः वाय-फायने राऊटरला जोडला जातो, हा एक. डबा स्वतःचं वेगळं वाय-फाय सोडतो, हा दुसरा. आणि तिसरा, जो बहुतेक लोकांच्या पदरात पडतो: डबा केबलनेच राऊटरला लावायचा, वायरलेस आहे ते तुमच्या घरातलं आधीचंच. या तिसऱ्या अर्थाने माझा मिक्सरही वायरलेस आहे, त्याच खोलीत वाय-फाय येतो.

दादाच्या डब्याचा अर्थ तिसरा होता. (मावसभाऊ मोठा आहे, मी दादाच म्हणतो.) त्याने फोन करून विचारलं, "अरे, खोक्यावर वायरलेस लिहिलंय ना, मग मागे हे वायरचं भोक कशाला?" राऊटर आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. डबा त्याला मागच्या खोलीत हवा होता, धूळ आणि गर्दीपासून लांब. मध्ये दोन जाड भिंती. दुकानदाराने तोडगा दिला: मागे वाय-फाय रिपीटर लावा आणि डब्याची केबल त्यात खोचा. झाला की नाही वायरलेस!

आता तो एकेरी पूल आठवा. कॉम्प्युटर ते राऊटर एक फेरी, राऊटर ते रिपीटर दुसरी फेरी, आणि दोन्ही त्याच पुलावरून, कारण चॅनेल एकच. एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं. हाच तो खडकी-दौंडचा प्रश्न, फक्त इथे खडकी आणि दौंड एकाच प्लगमध्ये कोंबलेले. वेग सरळ अर्धा, भिंतींचं वेगळं. मी नंतर मोजला तेव्हा सेकंदाला अडीच मेगाबाइट भरला. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून होतात साधारण २०० जीबी. म्हणजे ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तास. लगीनसराईत बावीस तास कोणाकडे असतात?

एका रात्री तलासरीकडच्या एका लग्नाची कॉपी लावून सगळे झोपले. लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, पण रिपीटर भिंतीतल्या साध्या प्लगला. कॉपी मध्येच थांबली. सकाळी कामावरच्या पोराने एररची खिडकी बंद केली. डब्यावर फोल्डर दिसत होतं, आत फोटोही दिसत होते. मोजले कोणी? त्याच दुपारी दुसरं लग्न होतं म्हणून कार्डं फॉरमॅट झाली. हळदीचे फोटो आले, लग्नाचे अर्धेच आले, पाठवणीचा एकही नाही. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने थोडे परत मिळवून दिले, पण कार्डांवर नवीन शूटिंग झालेलं होतं. मुलीचे वडील स्टुडिओत आले, आरडाओरडा काही केला नाही. असतील तेवढे द्या म्हणाले आणि पैसे पूर्ण देऊ लागले. दादाने घेतले नाहीत. हे सांगताना तो डब्याला शिव्या देत नव्हता, रिपीटरलाही नाही. नुसता गप्प होता.

मी गेलो तेव्हा काम अर्ध्या दिवसाचं निघालं. भिंतीला दोन भोकं, कॅट-६ केबल, दोन्ही बाजूंना पिन. तरी वेग अकराच्या वर जाईना. बघतो तर राऊटर एसी १२००, पण त्याचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचे! खोक्यावर १२०० चा भला मोठा आकडा आणि मागे १०० ची भोकं. आहे की नाही कमाल? शेवटी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच मध्ये टाकला आणि बावीस तासांची कॉपी अर्ध्या तासावर आली. आणि डबा लोखंडी कपाटावरून काढून खालच्या फळीवर ठेवला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून या भागात उंचावर फिरती डिस्क ठेवणं काही बरोबर नाही.

पण या जिल्ह्यात बसून बिनतारीला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. कारण याच पालघरमध्ये बिनतारीचा एक फार सरळ, प्रामाणिक प्रयोग झालेला आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एक हिशोब मांडला: दूरदर्शनसाठी राखलेल्या यूएचएफ पट्ट्यातले किती चॅनेल रिकामे पडलेत? उत्तर आलं की देशात जवळपास कुठेही जा, १५ पैकी निदान १२ रिकामे. या फ्रिक्वेन्सी (४७० ते ५९० मेगाहर्ट्झ) झाडांतून आणि उंचसखल भागातून वाय-फायपेक्षा बऱ्या जातात. मग प्रयोगाचा परवाना घेऊन पालघर तालुक्यातल्या खांबोली आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये त्यांनी इंटरनेट पोचवून दाखवलं. पुढे 'ग्राम मार्ग' या नावाने जिल्ह्यातल्या २५ गावांपर्यंत काम गेलं, आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

मला त्यात सगळ्यात काय आवडलं तर त्यांची मांडणी. त्यांनी 'वायरलेस गाव' असली पाटी लावली नाही. त्यांनी सांगितलं: फायबर अमुक ठिकाणापर्यंत आहे, तिथून गावापर्यंतचा मधला टप्पा रेडिओचा, गावात शेवटी वाय-फाय. कुठला टप्पा तारेचा, कुठला हवेचा, स्पष्ट. १९२७ च्या खडकीसारखं.

याची गरज का पडली? भारतनेटची मूळ योजना २०११ मध्ये मंजूर झाली ती ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची. कागदावर ग्रामपंचायत जोडली की गाव जोडलं. पण डहाणू-तलासरीत गाव म्हणजे एका जागी घरं नसतात. एका पंचायतीखाली कितीतरी पाडे, डोंगरउतारावर विखुरलेले. पंचायतीच्या कपाटात फायबरचं टोक येऊन पडलं तरी पाड्यावरच्या शाळेतल्या मुलीला त्याचा काय उपयोग, मधली तार किंवा मधला रेडिओ कोण देणार? 'जोडलेली पंचायत' आणि 'वायरलेस स्टोरेज' ही दोन्ही लेबलं मला एकाच जातीची वाटतात. खोटं कुठेच नाही, फक्त नेमका जो टप्पा तुमच्या वाट्याला आहे तो गाळलेला. स्टुडिओत निदान मी केबल टाकू शकलो.

कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियमावली आली. बारीक अक्षरातल्या तळटिपेने मोठ्या अक्षरातला दावा फिरवता येणार नाही, तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवी, असं त्यात आहे. पुढच्या वेळी राऊटरचं खोकं हातात घ्याल तेव्हा भिंग घेऊन जा.

अमेरिकेत हे प्रकरण वेगापुरतं थांबलं नाही. असुसच्या राऊटरला यूएसबी डिस्क लावून 'खासगी क्लाउड' करता येईल अशी जाहिरात होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये भोकं शोधून लोकांच्या १२,९०० हून जास्त डिस्कमध्ये बाहेरचे घुसले. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना कंपनीला २० वर्षं सुरक्षेची बाहेरून तपासणी करून घेणं मान्य करावं लागलं. सीगेटच्या वायरलेस डिस्कमध्ये २०१५ साली सापडलं ते तर त्याहून भारी. आत कुठेही न सांगितलेली टेलनेटची खिडकी उघडी, आणि पासवर्ड फॅक्टरीतलाच!

म्हणून दुकानात गेलात तर 'वायरलेस आहे का' विचारू नका, उत्तर नेहमी हो असंच येतं. विचारा की डबा राऊटरला कशाने जोडायचा, आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवला तर मधला टप्पा कशाचा. दुकानदार रिपीटर म्हणाला तर वेग अर्धा धरा, आणि तो रिपीटर इन्व्हर्टरच्या प्लगला येईल का ते बघा. फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या साइटवर बघून ठेवा. आणि राऊटर उलटा करून मागचे पोर्ट १०० चे आहेत की १००० चे, तेवढं नक्की वाचा. ते खोक्याच्या पुढच्या बाजूला असेलच असं नाही.